६५ हजारांचा गेमिंग पीसी : कॅबिनेटला किती द्यावेत? (पांढरं, काचेचं मनात भरलंय)

रेंडर_चालू_आहे (अंबाजोगाई) | २ जून २०२५

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच पीसी असेंबल करतोय, चुकलं-माकलं सांभाळून घ्या. नांदेडला इंजिनिअरिंग करतो, सध्या सुट्टीत घरी आहे. लग्नसराईत दोन स्टुडिओंचे व्हिडिओ एडिट केले, त्याचे २५ हजार जमलेत. पप्पा ४० देणार. एकूण ६५, वर एक रुपया नाही. मॉनिटर, कीबोर्ड, माउस आहे. दिवसा एडिटिंग, रात्री व्हॅलोरंट आणि सुट्टीत एखादा मोठा गेम, एवढंच काम.

एका कॅबिनेटनं डोकं फिरवलंय. पांढरं, समोरून आणि बाजूनं काच, ज्याला सगळे फिश टँक म्हणतात ते. सगळं कोटेशन त्याच्याभोवती लावून घेतलं :

रायझन ५ ५६०० (प्रोसेसर) : १०,२००
ए५२० मदरबोर्ड : ५,३००
१६ जीबी रॅम (८+८) : ३,८००
१ टीबी एनव्हीएमई एसएसडी (साठवण) : ५,०००
आरटीएक्स ३०५० ६ जीबी (ग्राफिक कार्ड) : १६,५००
एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) ५५० वॉट : १,९००
कॅबिनेट : ११,८००
लाईटवाले पंखे ६ आणि कंट्रोलर : ४,५००
पांढरा लिक्विड कूलर : ६,०००

बेरीज बरोब्बर ६५,०००. घेऊ का?

---

एफपीएस_मोजणारा (नांदेड) | २ जून

थांब रे. कॅबिनेट, पंखे आणि कूलर मिळून २२,३०० झाले. ग्राफिक कार्ड १६,५००. नवरीच्या शालूपेक्षा मांडवाची झालर महाग झाली की.

५६०० हा ६५ वॉटचा प्रोसेसर आहे, त्याचा पंखा त्याच्या डब्यातच येतो. लिक्विड कूलर लावून त्याला काय हिल स्टेशनला नेतो का? आणि १,९०० चा एसएमपीएस म्हणजे ५५० वॉट लिहिलेलं स्टिकर. आतला माल किती वॉटचा हे तो जळाल्यावर कळतं.

खरी काट ग्राफिक कार्डाला बसलीय. ३०५० च्या ६ जीबीवाल्यात २,३०४ कोअर आणि ९६ बिटची मेमरी-बस (मेमरीला जोडणारा मार्ग). गेल्याच महिन्यात आलेल्या ५०६० मध्ये ३,८४० कोअर, ८ जीबी, १२८ बिट. हे दोन वेगळ्या इयत्तांतले पोरं आहेत. एडिटिंगमध्येही फरक जाणवेल.

मी असं लावलं असतं : तोच प्रोसेसर १०,२००, बी५५० बोर्ड ८,२००, रॅम आणि एसएसडी तेच, ५०६० साधारण २९,०००, नावाजलेला ५५० वॉट ब्रॉन्झ (वीज कमी वाया घालवण्याचा दर्जा) एसएमपीएस ४,२००. झाले ६०,४००. कॅबिनेटला उरले ४,६००.

बी५५० उगाच नाही. ५०६० आठच लेन (बोर्डाशी डेटाची ये-जा करायच्या वाटा) वापरतं. ए५२० वर त्याला पीसीआयई ३ मिळणार (या वाटांची जुनी, हळू पिढी), बी५५० वर ४. महाग कार्ड घेऊन त्याचा रस्ता अर्धा करायचा नसतो.

---

निळी_पेन्सिल (छत्रपती संभाजीनगर) | २ जून

हिशोब बरोबर आहे, पण कॅबिनेटला सरसकट झालर म्हणू नका.

माझं कॅबिनेट २०१९ चं. तेव्हापासून त्यात दोन मदरबोर्ड आणि तीन ग्राफिक कार्डं येऊन गेली. कॅबिनेट तेच. एटीएक्स हे माप इंटेलनं १९९५ साली ठरवलं आणि बोर्डाच्या स्क्रूची भोकं अजून त्याच जागी आहेत. पीसीतला दुसरा कुठला भाग इतका टिकतो? कार्ड चार वर्षांत म्हातारं होतं. ११,८०० ला सहा वर्षांनी भागलं तर महिन्याला १६४ रुपये पडतात. रोज दहा तास जी वस्तू डोळ्यांसमोर आहे, ती देखणी असावी असं वाटण्यात कसला आलाय गुन्हा?

पण एक खरं सांगते. मी ते पगारातून घेतलं, आणि तो माझा तिसरा पीसी होता. पहिला पीसी मी वडिलांच्या ऑफिसातून आलेल्या पिवळट पडलेल्या डब्यात जोडला होता. त्याच्याइतका आनंद नंतरच्या एकानंही दिला नाही, हे मात्र कुणाला सांगू नका.

---

बांधावरून (जालना) | ३ जून

मृग तोंडावर आला. बियाणं, खत, सगळ्याचे पैसे लागायलेत. आणि लेकराला काचेचं खोकं पाहिजे, त्यात लाईटी पाहिजेत. कामून? मासे पाळायचेत का त्यात?

---

रेंडर_चालू_आहे | ३ जून

काका, राग नाही. पप्पांचे ४० बियाण्याचे नाहीत, तूर मार्चमध्येच विकली, बियाणं घरात येऊन पडलंय. आणि पीसी नसल्यामुळे स्टुडिओच्या मशीनवर रात्री बारानंतर एडिटिंग करावं लागतं. घरी झालं तर पुढच्या सीझनला दुप्पट काम घेता येईल. लाईटींचं मात्र तुमचं बरोबर आहे. त्या मला नुसत्याच आवडतात.

---

बांधावरून | ३ जून

मग घे बाबा. आम्ही पण ट्रॅक्टरला सतरा लाईटी लावल्यात, बोलायला तोंड नाही.

---

जिनिंगशेजारी (मानवत) | ३ जून

लाईटीवर भांडण मिटलं असेल तर हवेवर बोलू. माझा पीसी जिनिंगच्या मागल्या गल्लीत आहे. दिवाळीनंतर कापूस सुरू झाला की हवेत इतकी रुई असते की दर आठ दिवसांनी फिल्टरवर नमदा जमतो. चार महिन्यांची गोळा केली तर बाळाची उशी होईल. जिनिंग बंद झालं की काळ्या मातीची धूळ. ती पिठासारखी बारीक, ती फिल्टरलाही जुमानत नाही.

आधी माझ्याकडं समोरून बंद काच असलेलं कॅबिनेट होतं. पंखे काचेच्या आत, हवा यायला कडेनं बोटभर फट. एप्रिल-मेमध्ये खोलीतच ३८-३९ अंश असतात. हे एकदा डोक्यात घाला : पंखा खोलीतलीच हवा ओढतो, प्रोसेसर काय खोलीपेक्षा गार होत नाही. खोली दहा अंशांनी तापली की आतलं सगळंही जवळपास तेवढंच वर सरकतं. बंगळुरूच्या एसी खोलीत बसून केलेल्या व्हिडिओत ६५ अंश दिसलं म्हणून भुलू नका, आपल्याकडं तेच ७८-८० होतं. माझं कार्ड ८६ ला जाऊन स्वतःचा वेग कमी करत होतं. एक दिवस वैतागून समोरची काच काढून फेकली, ७७ ला आलं. एक रुपया खर्च नाही.

आता समोर जाळीवालं घेतलंय, तीन पंखे आत ओढणारे, एक मागून बाहेर फेकणारा. आत येणारी हवा जास्त असली की फटीफटीतून धूळ शिरत नाही, जी येते ती फिल्टरमधूनच येते. फिल्टर चुंबकाचा असावा, ओढला की हातात. स्क्रू काढून निघणारा फिल्टर कुणीही धूत नाही, मीही धुतला नव्हता.

अजून एक. उन्हाळ्यात बरेच जण पाण्याच्या कूलरसमोर पीसी ठेवतात, त्यालाही गार वाटेल म्हणून. नका ठेवू. बोअरचं जड पाणी, कूलरमधून बारीक तुषार उडतात, आणि दोन महिन्यांत कार्डाच्या पत्र्यांवर पांढरी खार चढते. कूलर खोलीत असू द्या, त्याचा झोत पीसीवर नको.

---

एफपीएस_मोजणारा | ३ जून

वरच्याला जोड. फिश टँकवाली सगळीच कॅबिनेट वाईट नसतात. ही फॅशन मुख्यतः लियान लीच्या ओ११ डायनॅमिकपासून पसरली, २०१८ ला आलं ते, डेर-बाउअर या ओव्हरक्लॉकरला (प्रोसेसर नेमलेल्या वेगापेक्षा जास्त पळवणारा) सोबत घेऊन केलेलं. त्यात हवा खालून आणि बाजूनं घ्यायची सोय नीट आहे. पण त्याची मेख अशी की समोर काच असल्यामुळे खाली तीन, बाजूला तीन, वर तीन असे पंखे भरावे लागतात, आणि बऱ्याच फिश टँकांबरोबर एकही पंखा येत नाही. ११,८०० ही किंमत रिकाम्या डब्याची. म्हणूनच तुझ्या कोटेशनमध्ये ४,५०० चे पंखे आपोआप शिरले.

आणि खालून हवा घेणारं कॅबिनेट जमिनीवर ठेवलं तर तो पीसी नसून झाडू.

---

खटका (उमरगा) | ४ जून

मी वायरमन. काचेचं कॅबिनेट घ्या नाहीतर पत्र्याचं, पण घराला अर्थिंग आहे का ते आधी बघा.

पीसीच्या एसएमपीएसमध्ये लाईनचा गोंगाट गाळायला बारीक कपॅसिटर असतात, ते बॉडीला जोडलेले. अर्थिंग असेल तर तो किंचित करंट जमिनीत जातो. नसेल तर तो बॉडीवर बसून राहतो. टेस्टर लावा, मिणमिण पेटतो. अनवाणी पायानं कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात. लोक म्हणतात स्टॅटिक आहे, कॅबिनेट खराब आहे. कॅबिनेट बिचारं निर्दोष असतं.

आमच्याकडं निम्म्या घरांत सॉकेटला तिसरं भोक असतं, पण त्याच्या मागं वायरच नसते. आणि काही शूर लोक पिनेचं तिसरं टोक कापून दोन पिनेच्या बोर्डात घालतात. ६५ हजारांच्या वस्तूला असं करू नका. अंगणात खड्डा, रॉड, मीठ-कोळसा, वायर. गावातल्या वायरमनला सांगितलं तर एका दिवसाचं काम आहे. उन्हाळ्यात त्या खड्ड्यात अधूनमधून बादलीभर पाणी टाकायचं, माती कोरडी पडली की अर्थिंग मरतं. आपल्याकडं मे महिन्यात पाणी माणसालाच नसतं ते सोडा.

---

काउंटरच्या_पलीकडून (लातूर) | ४ जून

पंधरा वर्षं दुकान आहे, नाव सांगत नाही. आतली गोष्ट सांगतो, माझ्याच व्यवसायबंधूंच्या शिव्या खाईन.

ग्राफिक कार्ड आणि प्रोसेसरवर आम्हाला फार काही सुटत नाही. गिऱ्हाईक मोबाईलवर ऑनलाईनचा भाव काउंटरवर ठेवतो, विषय संपला. सुटतं कॅबिनेटवर, साध्या एसएमपीएसवर, लाईटवाल्या पंख्यांवर. त्याचा भाव कुणाला पाठ नसतो. त्यामुळे पोरगं काचेकडं टक लावून बघतंय हे दिसलं की कोटेशन कुठं फुगवायचं ते आपोआप ठरतं. तुझ्या दुकानदारानं वाईट काही केलं नाही, तुला जे हवं होतं ते त्यानं विकलं.

साडेचार हजारांत चांगलं कॅबिनेट मिळतं, पण हातात घेऊन बघ. बाजूचा पत्रा अंगठ्यानं दाब. डब्यासारखा टक-टक आत-बाहेर झाला तर ठेवून दे, तो पुढे पंख्यांबरोबर गुणगुणत बसेल. आतल्या कडांवरून बोट फिरव, हळू. स्वस्त कॅबिनेटनं माझ्या पोरांची बोटं किती वेळा कापली असतील. सोबत आलेले पंखे कशाला जोडायचे ते विचार. मोठ्या चार पिनेच्या मोलेक्सला जोडणारे असतील तर ते कायम पूर्ण वेगानं फिरणार, वेग कमी करता येणार नाही. रात्री घरच्यांना वाटेल पिठाची गिरणी सुरू झाली.

लाईटचं एक ध्यानात ठेव. ज्यात रंग पळतात ती तीन पिनेची पट्टी ५ व्होल्टची. एकाच रंगात सगळी उजळते ती चार पिनेची, १२ व्होल्टची. ५ वाली १२ वर रेटून बसवली की दिवे कायमचे गेले. त्याला वॉरंटी नाही, आणि आम्हाला बघूनच कळतं काय झालंय.

माप : कार्डाची लांबी आणि कॅबिनेटची जागा जुळव. दोन पंख्यांचं ५०६० अडीचशे मिलिमीटरच्या आतबाहेर असतं, ते कुठंही बसेल. पुढे उभा टॉवर कूलर टाकायचा असेल तर तो १५५ मिलिमीटरच्या आसपास उंच असतो, कॅबिनेटच्या माहितीत १६० च्या पुढचा आकडा दिसला पाहिजे.

---

फुटकी_काच (लातूर) | ४ जून

नाव वाचलंत ना. तर ऐका.

मागच्या वर्षी काचेची बाजू काढली, धूळ पुसायची म्हणून. भिंतीला टेकवून उभी केली, नव्या टाईल्सवर. आपटली नाही, पडली नाही, नुसती टेकवली. दोन सेकंद शांतता आणि मग असा आवाज की आई स्वयंपाकघरातून झारा घेऊन धावत आली. पूर्ण काचेचे ज्वारीच्या दाण्याएवढे तुकडे. पायाखाली, पलंगाखाली, बुटात. अजून सापडतात.

नंतर वाचलं तेव्हा समजलं. टेम्पर्ड काचेचं पोट भक्कम, मधोमध गुद्दा मारला तरी सहन करते. पण तिच्या अंगात ताण कोंडलेला असतो आणि कड नाजूक. टाईलचा चिनी मातीचा थर काचेहून कडक. कडेला त्याची एक टोचणी लागली की सगळा ताण एकदम सुटतो.

गंमत म्हणजे जुन्या घरात आमच्याकडं शहाबादी फरशी होती. तिच्यावर मी हीच काच दहा वेळा टेकवली होती, काही झालं नाही. शहाबादी म्हणजे चुनखडीच, मऊ दगड. घर सुधारलं आणि काच गेली.

काच काढली की आडवी, गोधडीवर. कंपनीनं सुटी काच दिली नाही, शेवटी ॲक्रिलिक कापून लावलंय. चरे पडलेत पण फुटत तर नाही.

---

सीट_नंबर_१७ (पुणे, मूळ गाव वसमत) | ५ जून

ऑनलाईन मागवणार असशील तर कॅबिनेटचा कुरिअर खर्च बघ. कुरिअरवाले वजन आणि आकारमान यातलं जे जास्त ते धरतात. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ५,००० नं भागायचं. ५४ × २९ × ५२ चं खोकं असेल तर सोळा किलोच्या वर जातं, वजनकाट्यावर सात-आठ किलो भरत असलं तरी. तू हवेचं भाडं भरतोस.

आम्ही पुण्याहून गावी काय पाठवायचं असेल तर ट्रॅव्हल्सच्या डिक्कीत टाकतो. रात्री दहाला दिलं की सकाळी स्टँडसमोर मिळतं. फक्त काच असेल तर ड्रायव्हरला शंभरदा सांगायचं, आणि तरी वर कुणीतरी कांद्याची गोणी टाकणारच हे गृहीत धरून पॅकिंग करायचं. ऑनलाईन मागवलं तर खोकं फोडताना अखंड व्हिडिओ काढ. काच फुटलेली निघाली आणि व्हिडिओ नसला तर तक्रार कुणी ऐकत नाही, माझं एकदा झालंय.

---

रेंडर_चालू_आहे | ५ जून

सगळ्यांना दंडवत. रात्री एफपीएस दादांचं कोटेशन वहीत लिहून काढलं. मग टेबल मोजलं. टेबलाच्या डावीकडं भिंत, उजवीकडं मी. म्हणजे बाजूची काच, जिच्यासाठी एवढा जीव काढला, ती भिंतीकडं तोंड करून बसणार होती! हसू नका.

खटका दादा, टेस्टर लावला. पेटला. पप्पांना दाखवलं तर म्हणाले, "फ्रिजपण असाच चावतो की, चप्पल घालून उघडायचं." आमच्या घरात दहा वर्षं सगळे चप्पल घालून फ्रिज उघडतात आणि मला वाटायचं स्वच्छतेसाठी.

५०६० आणि साडेचार हजारांचं जाळीवालं, हे बुद्धीला पटलं. पण खोटं कशाला बोलू, काळा जाळीचा डबा बघून मन भरत नाही.

---

निळी_पेन्सिल | ५ जून

आता माझा खरा सल्ला. टेबलाची बाजू बदल, आरशासारखं उलटं लाव, पीसी उजवीकडं. हा फुकट झाला.

दुसरं : साधं, जाळीवालं, बाजूला सपाट काच असलेलं पांढरं कॅबिनेट घे. पांढऱ्याला पाच-सातशे जास्त पडतील. आतल्या रोषणाईला एकच पट्टी पुरते, वरच्या कडेला आतून चिकटवायची, म्हणजे दिवा दिसत नाही, उजेड दिसतो. सहा पंख्यांतून सहा चक्र्या फिरताना दिसल्या की जत्रेतला पाळणा होतो.

आणि तिसरं, रेडियमवाला. ट्रॅक्टरच्या काचेवर 'आई तुळजाभवानी प्रसन्न' कापून लावतो तोच. त्याच्याकडं प्लॉटर असतो, संगणकावरून दिलेली कुठलीही रेघ तो व्हिनाईलमधून कापून देतो. त्याला दुधी काचेसारखी फिल्म माग. मी माझ्या काचेवर पैठणीच्या पदरावरचा मोर कापून घेतला. आतली लाईट लागली की मोर उजळतो, बंद असली की हलकासा धूसर दिसतो. तीनशे रुपये झाले होते. माझ्याकडं येणारा प्रत्येक जण विचारतो की हे मॉडेल कुठल्या कंपनीचं.

फिल्म काचेवरच लावायची. जाळीवर लावलीस तर मानवतकर येऊन मारतील.

---

जिनिंगशेजारी | ५ जून

येतो.

---

बांधावरून | ६ जून

रेडियमवाला म्हणलं की मी आलो. घासाघीस करा. एका ओळीचे दीडशे सांगतो, ऐंशीत देतो. मोराला पिसारा असतो म्हणून जास्त लावील, तर म्हणा लांडोर दे.

---

रेंडर_चालू_आहे | १४ जुलै २०२५

झालं एकदाचं! उशिरा लिहितोय, परीक्षा होती.

प्रोसेसर, बी५५०, रॅम, एसएसडी, ५०६०, एसएमपीएस एफपीएस दादांच्या यादीप्रमाणे, दोन दुकानांत फिरून तेवढ्यातच बसवलं. कॅबिनेट पांढरं, समोर जाळी, तीन पंखे पुढं, एक मागं. पुण्याच्या मित्रानं ३,९०० ला घेतलं आणि ट्रॅव्हल्सनं पाठवलं, २५० डिक्कीचे. मोर ३५०. सीट नंबर दादा, खोक्यावर कांदे नव्हते, लसणाची गोणी होती. काच शाबूत.

४,६०० पैकी ४,५०० लागले. उरलेल्या शंभराची भजी खाल्ली.

जोडताना एक घोळ. पहिल्या दिवशी कार्ड गरम. ८३-८४. मानवतकरांचं सगळं ऐकूनही असं कसं? मग आज्जीच्या देवघरातली उदबत्ती आणून पुढच्या जाळीसमोर धरली. धूर आत जायच्या ऐवजी माझ्या तोंडावर! पुढचे तिन्ही पंखे मी उलटे लावले होते. लाईटची सुंदर बाजू आतून, बाजूच्या काचेतून दिसावी म्हणून मित्राच्या सांगण्यावरून खोलून फिरवले होते. पंख्याची ज्या बाजूला आडवी जाळीपट्टी असते त्या बाजूनं हवा बाहेर पडते, हे नंतर समजलं. परत फिरवले, ७२. आज्जी म्हणाली, मशीनलाही ओवाळायचं असतं हे चांगलं शिकलास.

अर्थिंगचा खड्डा पप्पांनी स्वतः खणला. वायरमननं रॉड टाकला. आता फ्रिज चावत नाही. आई तरी चप्पल घालूनच उघडते.

---

खटका | १४ जुलै

हे वाचून बरं वाटलं. पावसाळ्यात सगळ्यांचंच अर्थिंग चांगलं असतं, खरी परीक्षा एप्रिलात. तेव्हा टेस्टर परत लाव.

---

निळी_पेन्सिल | १५ जुलै

मोराचा फोटो कुठंय?

---

काउंटरच्या_पलीकडून | १५ जुलै

मित्रानं पंखे उलटे लावायला लावले, त्याचं दुकान निघेल एक दिवस.

---

औंढ्याचा_गेमर (औंढा नागनाथ) | १९ डिसेंबर २०२५

जुना धागा वर काढतोय, माफी. अगदी हीच यादी घेऊन दुकानात गेलो, ६५ मध्ये बसतच नाही म्हणतात. फसवतायत का?

---

काउंटरच्या_पलीकडून | १९ डिसेंबर

नाही फसवत. रॅमचा भाव बघ. या दोन-तीन महिन्यांत दुपटीच्याही पुढं गेलाय, आणि एसएसडीही मागोमाग चढतेय. एआयवाल्या डेटा सेंटरांना मेमरी पाहिजे, कंपन्या माल तिकडं वळवतायत, आपल्या वाट्याला उरलंसुरलं. मी स्वतः सकाळचा भाव संध्याकाळी देत नाही.

जुनी रॅम कुणाकडं मिळाली तर तपासून घे. आणि सगळ्यात आधी हात कॅबिनेटला लाव. भावाचं किंवा शाळेचं टाकून दिलेलं एटीएक्स कॅबिनेट शोध, पुढचा प्लास्टिकचा मुखवटा काढून तिथं जाळी लाव. निळ्या पेन्सिलताईंनी लिहिलंय ना, भोकं तिथंच असतात. कार्ड आणि एसएमपीएस कापू नको.

---

औंढ्याचा_गेमर | २० डिसेंबर

मामाच्या सायबर कॅफेतलं एक मिळालं. जड आहे, पत्रा जाड. पुढचा मुखवटा काढला तर आत उंदराचं घरटं निघालं. धुऊन वाळत घातलंय. बाजूला काच नाही पण मामा म्हणतो पत्रा कापून ॲक्रिलिक बसवू. रेंडर दादा, त्या मोराची फाईल मिळेल का?

---

रेंडर_चालू_आहे | २० डिसेंबर

पाठवतो, पण विचारायचं ताईंना, मोर त्यांचा आहे. ताई?

---

निळी_पेन्सिल | २० डिसेंबर

दे की. फक्त त्याला सांग, पत्रा कापायच्या आधी सगळ्या वस्तू बाहेर काढ, लोखंडाचा कीस बोर्डावर पडला तर शॉर्ट होतो. आणि मोराचं तोंड डावीकडं आहे. पीसी टेबलाच्या कुठल्या बाजूला बसणार ते आधी ठरव, नाहीतर तो भिंतीकडं बघत बसेल.